आवाजाची पहिली पायरी



या क्षणीं मी जें बोलत आहें तें आपल्या कानीं पडण्यापूर्वीं एका लहानशा यंत्राच्या हातून जात आहे, आणि त्या यंत्राचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. मायक्रोफोन सर्वांना दिसतो, लाऊडस्पीकर दिसतो, प्रक्षेपणाचा मनोरा तर मैलभरावरून दिसतो; परंतु मायक्रोफोनांतून निघालेला क्षीण विद्युत्स्पंद प्रथम ज्याच्या पदरांत पडतो, तें प्रीअँप्लिफायर नांवाचें यंत्र कुठल्या तरी पेटीच्या पोटांत निमूटपणें बसलेलें असतें. मराठींत त्याला आपण पूर्ववर्धक म्हणूं. हौशी मंडळींच्या घरीं गाणें ऐकण्याची जी उंची यंत्रसामग्री असते, तिच्यांत हा पूर्ववर्धक स्वतंत्र पेटीचा मान मिळवून बसतो आणि त्याची किंमत ऐकून घरांतील वडीलधारीं माणसें कपाळाला हात लावतात. त्याची हकीकत सांगण्यासाठीं मी आपल्याला पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत न नेतां आधीं वडशाला नेणार आहें. दिवाणखान्यांत आपण मागाहून येऊं.

वडसा, ज्याचें दुसरें नांव देसाईगंज, हें वैनगंगेच्या पूर्वेकडील अंगाला वसलेलें गांव. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी, अलीकडे हें. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा निघाला, तेव्हांपासून वडसा त्या जिल्ह्यांत मोडतें. गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें स्थानक. हा मार्ग पूर्वीं अरुंद रुळांचा होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलाच्या आणि भातशेतीच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि या झाडीपट्टीच्या रंगभूमीची पेठ म्हणजे वडसा. नाटक मंडळ्यांचीं कार्यालयें येथें ओळीनें थाटलेलीं असतात, दारावर मंडळाच्या नांवाची पाटी असते, आणि खेड्यापाड्यांतील पुढारी मंडळी येऊन आपल्या गांवच्या तारखेसाठीं नाटक ठरवून जातात. दिवाळी आटोपली, धान घरांत आलें, कीं गांवोगांवीं मंडई भरते, कोठें शंकरपट होतो, आणि रात्रीं नाटक. बैलांच्या शर्यतींवर २०१४ सालीं बंदी आली ती २०२१ च्या डिसेंबरांत सशर्त उठली; मधल्या काळांत पट थांबले, तरी नाटकाचा शिरस्ता कांहीं मोडला नाहीं. दंडारीसारख्या जुन्या लोकप्रकारांच्या अंगाखांद्यावर वाढलेली ही रंगभूमि. तिच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां शहरांतील पुष्कळ सुशिक्षितांना झाडीपट्टी कोठें आली याची प्रथम चौकशी करावी लागली!

आतां आवाजाकडे वळूं. हें नाटक बंदिस्त नाट्यगृहांत होत नाहीं. शेतांत किंवा मोकळ्या पटांगणांत मंडप उभा राहतो, रात्रीं दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि खेळ पहांटेपर्यंत चालतो. वर आकाश, भोंवतीं अंधार, हिवाळ्याची थंडी आणि समोर घोंगडी पांघरून बसलेला हजारोंचा समुदाय. नाट्यगृहाच्या भिंती नटाचा आवाज परत फेंकून त्याला हातभार लावतात. उघड्या रानांत ती मदत नाहीं. तेथें अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा दाब निम्मा होतो. रंगमंचाजवळ बसलेल्याला जो हुंदका ऐकूं येतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत जातां जातां सोळापट क्षीण होऊन झाडांत विरून जातो. आणि शेवटच्या रांगेंतला शेतकरी तिकिटाचे पैसे मोजूनच आंत आलेला असतो. संवाद ऐकूं आला नाहीं, तर तो स्वस्थ बसत नाहीं, आणि पुढल्या वर्षीं त्या मंडळीचें नांव गांवांत कोणी काढीत नाहीं. नटानें तरी किती ओरडावें? एका हंगामांत रात्रीमागून रात्री प्रयोग करणाऱ्याच्या गळ्याला ओरडणें परवडत नाहीं. म्हणून मायक्रोफोन आला, आणि मायक्रोफोनाबरोबर पूर्ववर्धक आला.

मायक्रोफोन हा किती दुबळा प्राणी आहे याची आपल्याला कल्पना नसेल. नेहमींच्या चकतीच्या मायक्रोफोनापासून हातभर दूर उभें राहून नटानें खड्या आवाजांत संवाद म्हटला, तर त्यांतून निघणारा दाब एका व्होल्टच्या दहा हजारांश भागाच्या दुपटीइतका, म्हणजे सुमारें ०·२ मिलिव्होल्ट असतो. पुढल्या यंत्राला तो साधारण एक व्होल्ट इतका लागतो. ०·२ मिलिव्होल्टचा एक व्होल्ट करणें म्हणजे पांच हजारपट वाढ. ती करतो पूर्ववर्धक. त्यापुढें ज्याच्या वॅटांची जाहिरात होते तो शक्तिवर्धक येतो. शंभर वॅटांचा शक्तिवर्धक आठ ओहमच्या स्पीकरला सुमारें २८ व्होल्ट पुरवितो, म्हणजे दाबाच्या हिशेबानें त्याची वाढ अवघी अठ्ठावीसपट! बळ त्याचें मोठें, कारण स्पीकरला जोरकस प्रवाह तोच पुरवितो. परंतु बीजाचा वृक्ष होण्याचें नाजूक काम तत्पूर्वींच उरकलेलें असतें. मंडपाच्या दाराशीं किती कर्णे आणि किती पेट्या लागल्या आहेत हें मोजणारे लोक मला पुष्कळ भेटतात. पहिल्या पायरीची चौकशी करणारा क्वचितच भेटतो.

आणि सर्व बरेंवाईट ठरतें तें या पहिल्या पायरीवर. कचेरींत मूळ कागदावरून पहिली नक्कल करतांना कारकुनानें एक आंकडा चुकविला, तर पुढल्या नकला कितीही सुवाच्य अक्षरांत काढल्या तरी चूक तशीच उतरत जाते. वर्धकांचें तसेंच आहे. १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनीं असें दाखवून दिलें कीं कोणत्याही विद्युद्रोधकांत, केवळ तो उबदार आहे एवढ्याच कारणानें, एक अखंड सळसळ चालू असते. धातूंतील विद्युत्कणांची ती स्वाभाविक चळवळ. ती थांबवावयाची तर रोधक निरपेक्ष शून्य तपमानापर्यंत थंड करावा लागेल. २०० ओहमच्या मायक्रोफोनांत श्राव्य टापूंतील ही सळसळ पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास भरते. निसर्गाचा हा किमान कर. तो कोणालाही चुकत नाहीं. पूर्ववर्धकाचें कसब एवढेंच कीं या करावर त्यानें स्वतःचा फार मोठा अधिभार बसवूं नये. १९४४ सालीं फ्रिस नांवाच्या अभियंत्यानें हेंच सूत्ररूपानें मांडलें: एकापुढें एक वर्धक जोडले असतां एकंदर गोंगाट बहुतांशीं पहिल्याच वर्धकावर अवलंबून राहतो, कारण त्याचा गोंगाट पुढल्या सर्वांकडून वाढविला जातो, तर पुढल्यांचा गोंगाट तोंवर बलवान झालेल्या आवाजापुढें फिका पडतो.

पूर्वीं हें काम निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह करीत असत. कांचेच्या नळींत तापलेली तार, तिच्यांतून निघणारे विद्युत्कण, मध्यें त्यांना आवरणारी जाळी. यंत्र मोठें देखणें. काळोखांत त्याचा तांबूस प्रकाश पाहून अजूनही कित्येकांना भरून येतें. पण या नलिकेला शेंकडों व्होल्टांचा दाब लागतो, ती तापावयास वेळ घेते, आणि तिला धक्का सहन होत नाहीं. जाळी किंचित् थरथरली तरी ती थरथर आवाजांत उमटते, इतकी कीं नळीवर नखानें टिचकी मारली तर ती टिचकी स्पीकरमधून ऐकूं येते. सामान मालमोटारींत घालून जंगलांतल्या रस्त्यांनीं रोज नवें गांव गांठणाऱ्या मंडळीच्या संसारांत या कांचेच्या राणीचा निभाव कसा लागावा?

यावर उपाय निघाला तो घन पदार्थांतून. घन स्फटिकाकडून विजेचें सूक्ष्म काम करून घेण्याच्या प्रयत्नांत आपल्या जगदीशचंद्र बोस यांचें नांव अगदीं आरंभीं येतें. गॅलिना नामक शिशाच्या खनिजावरील त्यांच्या शोधकाला १९०४ सालीं अमेरिकन पेटंट मिळालें. परंतु स्फटिकाकडून प्रवाहाची वाढ करवून घेणें साधलें तें १९४७ च्या डिसेंबरांत, बेल प्रयोगशाळेंतच, बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या हातून. शॉकली हे त्यांचे प्रमुख. तिघांनाही १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या जर्मेनियमच्या तुकड्याचें नांव ट्रान्झिस्टर. पुढें १९५४ पासून सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजारांत येऊं लागले. त्याला तापलेली तार नाहीं, कांच नाहीं, पोकळी नाहीं. नऊ व्होल्टांच्या लहान बॅटरीवर तो तत्क्षणीं कामाला लागतो. जेथें विजेची तार पोहोंचली नव्हती, किंवा पोहोंचून ऐन रंगांत दगा देत होती, अशा गांवांना याचें मोल शहरवाल्यांपेक्षां अधिक कळलें असेल.

आरंभींचे ट्रान्झिस्टर गुणी नव्हते, हें सांगितलें पाहिजे. ते सळसळत, थंडी-उन्हानें त्यांचा स्वभाव बदले, आणि वाढवितांना ते आवाजाचा आकारही बिघडवीत. त्यांना वळण लावलें तें एका जुन्याच युक्तीनें. २ ऑगस्ट १९२७ रोजीं हॅरल्ड ब्लॅक नांवाचा तरुण अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटींतून कामावर चालला होता. वाटेंत त्याला सुचलें कीं वर्धकाच्या फलांतील थोडा अंश उलटा करून पुन्हां त्याच्या मुखाशीं आणून दिला, तर वर्धक आपली चूक आपणच दुरुस्त करील. हातांत वर्तमानपत्र होतें. त्याच्याच पानावर त्यानें आकृति काढली. वाढ थोडी कमी होते, पण शुद्धता वाढते. ट्रान्झिस्टर स्वस्त असल्यानें वाढ हवी तितकी करून ठेवावी आणि तिचा मोठा भाग शुद्धतेसाठीं उधळून टाकावा, हें परवडूं लागलें. आज सिलिकॉनच्या एका चिपेंत असे डझनावारी ट्रान्झिस्टर एकत्र नांदतात. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निघालेली ५५३४ क्रमांकाची चिप थोडक्या रुपयांत मिळते, आणि श्राव्य टापूंत तिची स्वतःची सळसळ अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या थोडी वर भरते. निसर्गाच्या कराच्या फार तर दुप्पट-अडीचपट!

मात्र झाडीपट्टीच्या मंडपांत ही सळसळ हा मोठा शत्रु नव्हे. तेथें हजारों माणसांची कुजबूज, मुलांचें रडणें, विंगेंतल्या प्रॉम्प्टरचा दबका आवाज, हें सारें मायक्रोफोन इमानानें उचलतो, आणि त्यापुढें यंत्राची सळसळ कोठच्या कोठें बुडून जाते. तेथील संकट वेगळें आहे. नट एकदां मायक्रोफोनापासून चार हात दूर असतो, आणि दुसऱ्या क्षणीं क्रोधाच्या आवेशांत तोंड त्याला भिडवून गर्जना करतो. हातभरावरून ०·२ मिलिव्होल्ट देणारा मायक्रोफोन एकदम वीसपट देऊं लागतो. पांच हजारपट वाढीवर ठेवलेल्या पूर्ववर्धकानें मग वीस व्होल्ट काढावेत. पण त्याचा विजेचा पुरवठाच पंधरा व्होल्टांचा. घडा काठोकाठ भरल्यावर वरून ओतलेलें पाणी सांडावयाचेंच. लहरींचीं शिखरें छाटलीं जातात आणि खलनायकाची गर्जना फाटक्या पत्र्यासारखी वाजते. निर्वात नलिका अशा वेळीं शिखरें जरा गोलसर करून सोडते, ट्रान्झिस्टर तीं कातरीनें कापावीं तशीं सपाट कापतो. नलिकेच्या गोड आवाजाची जी ख्याति आहे, तिच्यांतील बराचसा भाग या एका गोष्टीचा आहे असें माझें मत आहे.

अशा वेळीं अडाणी माइकवाला काय करतो? मुख्य आवाजाची कळ खालीं ओढतो. आवाज लहान होतो, पण फाटलेला तो फाटलेलाच राहतो, कारण फाटला तो पहिल्या पायरीवर आणि कळ फिरवली ती शेवटच्या पायरीची. जाणता माणूस प्रत्येक मायक्रोफोनाच्या आरंभींची, म्हणजे ‘गेन’ची कळ नाटकापूर्वींच ठरवून ठेवतो. सर्वांत दणकट आवाजाच्या नटाला त्याच्या जागीं उभें करून त्याचें सर्वांत मोठें वाक्य म्हणावयास लावतो, तबल्यावर थाप मारून पाहतो, आणि त्यांतून काठ सोडून चार बोटें घडा रिकामा राहील असा बेत धरतो. वडशाच्या मंडळ्यांना रोज नवें गांव आणि नवें पटांगण. पडदा वर जाण्यापूर्वींचीं हीं दहा मिनिटें जो राखून ठेवतो, त्याचा खेळ ऐकूं येतो.

दुसरें संकट घुरघुरीचें. मायक्रोफोनापासून यंत्रापर्यंत शंभर-दीडशें फूट तार मंडपांतून जाते. शेजारीं दिव्यांच्या तारा, कोठें जनित्र. त्या तारांतील पन्नास आवर्तनांची वीज मायक्रोफोनाच्या तारेंत शिरते आणि शोकप्रसंगाच्या शांततेंत भुंगा घोंघावावा तशी घोंघावते. यावरचा तोडगा मोठा चतुर आहे. नटाचा आवाज दोन तारांवर परस्परविरुद्ध रूपांत पाठवावयाचा. घुरघुर मात्र दोन्ही तारांवर सारखीच चढते. पूर्ववर्धक दोहोंतील फरक तेवढा घेतो. सारखें असेल तें वजाबाकींत मरतें, विरुद्ध असेल तें उरतें. दोन तारांची आणि वर जाळीच्या वेष्टणाची ही केबल थोडी महाग पडते, म्हणून कित्येक ठिकाणीं साधी एकेरी वापरतात आणि मग रात्रभर भुंग्याचें गाणें ऐकतात.

आतां ठरल्याप्रमाणें दिवाणखान्यांत येऊं. येथें गर्दी नाहीं, भिंती जवळ आहेत, रात्रीचे अकरा वाजलेले आहेत आणि ध्वनिमुद्रिकेवर एखादा बडा ख्याल विलंबित लयींत सुरूं होत आहे. मंडपांत बुडालेली सळसळ येथें उघडी पडते. ध्वनिमुद्रिकेच्या सुईची नेहमींची चुंबकीय पेटी सुमारें पांच मिलिव्होल्ट देते, उंची जातीची फिरत्या वेटोळ्याची पेटी तर ०·३ मिलिव्होल्टच्या आसपास. शिवाय पूर्ववर्धकावर येथें आणखी एक जबाबदारी पडते. मुद्रिका कापतांना खर्जाचे स्वर मुद्दाम क्षीण केलेले असतात, नाहींतर त्यांच्या रुंद वळणांनीं शेजारची खोबण फोडली असती. आणि तार स्वर मुद्दाम चढविलेले असतात, म्हणजे घर्षणाच्या खरखरीवर त्यांनीं मात करावी. ऐकतांना हें सर्व उलटें करावें लागतें. १९५४ सालीं या उलटापालटीचें एक प्रमाण अमेरिकेंत ठरलें आणि तेंच जगभर रूढ झालें. त्याप्रमाणें हजार आवर्तनांच्या मानानें वीस आवर्तनांचा खर्ज नऊपटीहून अधिक वाढवावयाचा आणि वीस हजारांचा स्वर तितकाच उतरवावयाचा. हें वळण पूर्ववर्धकानें जितकें बिनचूक गिरवावें, तितका गायकाचा आवाज मुळाबरहुकूम लागतो.

ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळच्या लाखेच्या मुद्रिका आहेत, बालगंधर्वांचीं पदें आहेत, त्यांना येथें एक सांगावेंसें वाटतें. त्या मुद्रिका १९५४ च्या प्रमाणाआधींच्या. त्यांत प्रत्येक कंपनीचें वळण निराळें, आणि १९२५ पूर्वींच्या मुद्रिका तर विजेशिवाय, नुसत्या कर्ण्यांत गाऊन कापलेल्या. त्यांच्यांत असें ठरीव वळणच नाहीं. आजच्या पूर्ववर्धकांतून त्या तशाच वाजविल्या तर खर्ज फुगतो आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. मग आपण म्हणतों, जुनें मुद्रणच तसें! त्यांच्यासाठीं वळण बदलतां येणारा पूर्ववर्धक घ्यावा, आणि सुईही रुंद टोंकाची घ्यावी. दीर्घ मुद्रिकेची बारीक सुई त्या जुन्या रुंद खोबणीच्या तळाशीं जाऊन घासते.

किंमतीविषयीं मला स्पष्ट बोलूं द्या. चांगला सिलिकॉन पूर्ववर्धक आज निसर्गाच्या मर्यादेच्या इतका जवळ गेला आहे कीं त्यापलीकडे सुधारणेला जागाच थोडी उरली आहे. तरीही लाखोंच्या किंमतीचे पूर्ववर्धक विकले जातात. त्यांची पेटी जाड अँल्युमिनियमची असते, कळा मलमलीसारख्या फिरतात, बांधणी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी असते, आणि ज्याला परवडतें त्यानें त्याचा आनंद जरूर घ्यावा. परंतु एवढ्यानें आवाज दसपट शुद्ध होतो असें जो विक्रेता सांगेल, त्याला मोजमाप दाखविण्यास सांगावें. कुटुंबाची शिल्लक बेताची असेल, तर ती आधीं सुईवर आणि स्पीकरवर खर्च व्हावी. परीक्षा सोपी आहे. मुद्रिका न लावतां, सुई अधांतरीं ठेवून आवाजाची कळ नेहमींच्या खुणेवर आणावी आणि नेहमींच्या खुर्चीवर बसून ऐकावें. तेथून सळसळ किंवा घुरघुर ऐकूं येत नसेल, तर गोंगाटापुरता तरी आपला पूर्ववर्धक पास झाला.

वडशाकडे परत जाण्याचें एक कारण अजून शिल्लक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठीं राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें, तीही वर्षांतून पंधरा दिवसांहून अधिक नाहीं. ज्या रंगभूमीचा पडदाच दहाला वर जातो, तिच्यापुढें हा प्रश्न गंभीर आहे. आजारी माणसाची आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलाची झोंप ही कांहीं क्षुल्लक वस्तु नव्हे. उलट पहांटेपर्यंतचें नाटक हें त्या मुलखाचें वर्षाचें सुख आणि शेंकडों घरांची चूल. कायद्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाहीं. यंत्राच्या बाजूनें एवढेंच सांगतों कीं कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठीं जवळजवळ दसपट वॅट लागतात, आणि फाटलेला किंवा घुरघुरता आवाज ऐकूं येईना म्हणून आपण जे वॅट वाढवितों, ते गांवाबाहेरच्या झोपलेल्या माणसापर्यंत जातात, शब्द मात्र शेवटच्या रांगेलाही कळत नाहींत. मायक्रोफोन तोंडाजवळ, पहिली कळ बेतानें, तार दुहेरी, आणि एका दाराशीं कर्ण्यांचा डोंगर रचण्याऐवजीं प्रेक्षकांतच थोड्या थोड्या अंतरावर लहान पेट्या ठेवल्या, तर निम्म्याहून कमी वॅटांत सगळा मंडप ऐकूं शकेल.

आपल्यापैकीं कोणी या हिवाळ्यांत तिकडे नाटक पाहावयास गेलें, तर मंडळीच्या परवानगीनें एक करावें. ध्वनिमुद्रण करावयाचें असल्यास हातांतला मोबाईल स्पीकरकडे उंच धरून बसूं नये. त्यांत गर्दीच अधिक येते. माइकवाल्याच्या यंत्राच्या मागें पूर्ववर्धकाचें फल बाहेर काढणारें एक छिद्र बहुधा असतें. त्यांतून तार घेऊन लहान मुद्रणयंत्राला जोडावी, आणि मुद्रणाची पातळी गर्जनेच्या प्रसंगाला धरून ठेवावी. तेथें मिळणारा आवाज शक्तिवर्धकाच्या आणि कर्ण्याच्या तावडींत सांपडण्याआधींचा असतो. त्यांत तबल्याची शाई ऐकूं येते, आणि संवाद म्हणण्यापूर्वीं नटानें घेतलेला श्वासही.